देहाचे कारभारीपण

भल्या पहाटे आपल्या कोणत्याही मोठ्या शहरातील जलतरण तलावावर अथवा व्यायामशाळेत डोकावून पाहिले, तर एक गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. पूर्वी जेथे नुकतीच मिसरूड फुटलेली मुलेच दिसत, तेथे आज कानशिलावर केस पिकलेली माणसे दिसतात. बँकेतील अधिकारी, शाळेतील मुख्याध्यापिका, रात्रपाळी संपवून आलेली परिचारिका, निवृत्तीला चार-पाच वर्षे उरलेले कारकून अशी सारी मंडळी तेथे असतात. कुणी आयुष्यात प्रथमच पाण्यात उतरून काठाचा कठडा घट्ट धरून पाय मारीत असतो. कुणी लोखंडाच्या लहानशा वजनाकडे साशंक नजरेने पाहत असतो. यांतील बहुतेकांना कोणतीही शर्यत जिंकावयाची नाही. डॉक्टरांनी बजावले, गुडघे बोलू लागले, किंवा दोन जिने चढताना धाप लागली, म्हणून ती आलेली आहेत.

या खटाटोपाकडे श्रद्धावंताने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आपल्या घराघरांतून त्यावर तीन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की, पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने देहाचे लाड करणे ही निव्वळ हौस आहे, वय लपविण्याची धडपड आहे. दुसरा असा की, दिवसाचा तास-दीड तास स्वतःवर खर्च करणे हा घरच्यांच्या, मंडळीच्या आणि गरजवंतांच्या वाट्याच्या वेळावर घातलेला घाला आहे. तिसरा आक्षेप अधिक धार्मिक स्वरूपाचा आहे: देह नश्वर आहे, आत्मा अमर आहे, मग मातीला मिळणाऱ्या गोष्टीसाठी एवढा घाम कशाला गाळावा? हे तिन्ही आक्षेप हसून उडवून लावण्याजोगे नाहीत. प्रत्येकात काही सत्य आहे. परंतु ते सत्य कोठवर जाते, हे नीट पाहिले पाहिजे.

तिसऱ्या आक्षेपापासून आरंभ करू. देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग, ही कल्पना प्राचीन ग्रीक विचारात सापडते. पवित्र शास्त्राचा मूळ सूर तो नव्हे. शास्त्राच्या पहिल्याच पानांत देवाने मातीपासून मनुष्य घडविला आणि आपली निर्मिती पाहून समाधान मानले. शुभवर्तमानाचा कणा देहधारण हा आहे. आपल्या विश्वासांगीकारात आपण आत्म्याच्या अमरत्वाचा उच्चार करून थांबत नाही, तर देहाच्या पुनरुत्थानाचा उच्चार करतो. ज्या धर्मात देवाने देह धारण केला, त्या धर्माच्या अनुयायाला देहाची उपेक्षा करणे म्हणजे आध्यात्मिकता, असे म्हणता येत नाही.

एलीया संदेष्ट्याची कथा येथे आठवते. कर्मेल डोंगरावरील विजयानंतर जिवाच्या भीतीने तो रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. अशा खचलेल्या संदेष्ट्याला देवाने प्रथम काय दिले? उपदेश नव्हे, ठपकाही नव्हे. त्याला झोप लागली. दूताने त्याला उठवून भाकर व पाणी दिले. तो पुन्हा झोपला आणि पुन्हा जेवला. मगच होरेबाची चाळीस दिवसांची वाट आणि तो मंद स्वर आला. थकलेल्या माणसाचा आत्मा सावरण्यापूर्वी त्याचा देह सावरावा लागतो, हे त्या कथेतील शहाणपण आहे.

प्रेषित पौलाचे नाव या संदर्भात दोन्ही बाजूंनी घेतले जाते. तीमथ्याला लिहिताना त्याने शारीरिक कसरतीचा लाभ थोडा आणि सुभक्तीचा लाभ सर्व बाबतींत आहे, अशा आशयाची तुलना केली आहे. तिचा आधार घेऊन व्यायामाला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. पण थोडा लाभ म्हणजे शून्य लाभ नव्हे. शिवाय त्याच पत्रात तो तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्याची व वारंवार येणाऱ्या आजारपणाची आठवण ठेवून त्याला औषधापुरता द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो. ज्या करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत, तेथील मंडळीला लिहिताना त्याने धावपटूची व मुष्टियोद्ध्याची उपमा वापरली. विजेत्याच्या डोक्यावर चढणारा पानांचा मुकुट कोमेजतो, हे त्याने निक्षून सांगितले. परंतु त्या मुकुटासाठी खेळाडू जो संयम पाळतो, तो मात्र त्याने आदर्श म्हणून पुढे ठेवला. संन्यस्त, तपस्वी जीवनासाठी ख्रिस्ती परंपरेत रूढ झालेला ‘आस्केसिस’ हा ग्रीक शब्द मुळात सरावाचा, खेळाडूच्या तयारीचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तपश्चर्या आणि तालीम यांचे नाते इतके जुने आहे.

तरीही आपल्या परंपरेत देहाविषयी कठोरपणा शिरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. असिसीचा संत फ्रान्सिस आपल्या देहाला ‘बंधू गाढव’ म्हणत असे. या नावात थट्टा आहे, तशी मायाही आहे. गाढव हट्टी खरे, पण ओझे तेच वाहते. उपास, जागरणे आणि पायपीट यांनी त्याने त्या गाढवाला पार झिजविले. 1226 साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास, त्याचे देहावसान झाले. त्याचे प्राचीन चरित्रकार सांगतात की, अखेरच्या काळात त्याने आपल्या देहाचा आपण अपराध केला, अशी कबुली दिली. संतालाही जे उशिरा उमगले, ते आपण थोडे आधी समजून घेतले तर त्यात श्रद्धेची हानी नाही.

आजच्या जिमची वंशावळ पाहिली तरी तिच्यात ख्रिस्ती घराणे आढळते. 1844 साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स व त्यांच्या सोबत्यांनी वाय.एम.सी.ए. स्थापन केली, ती गिरणी-दुकानांच्या शहरात एकाकी पडलेल्या तरुणांच्या प्रार्थनेसाठी व शास्त्राभ्यासासाठी. पुढे अमेरिकेत याच संस्थेने व्यायामशाळा व तरणतलाव उभारले. ल्यूथर गुलिक यांनी देह, मन आणि आत्मा या तीन बाजूंचा त्रिकोण तिचे चिन्ह म्हणून पुढे आणला. ईश्वरविद्येचे शिक्षण घेतलेल्या जेम्स नायस्मिथ यांनी 1891 साली स्प्रिंगफील्ड येथील तिच्याच प्रशिक्षणशाळेत बास्केटबॉलचा खेळ शोधून काढला. भारतात 1920 साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासमध्ये वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. देशातील शाळाशाळांतून शिट्टी गळ्यात अडकवून उभ्या राहिलेल्या किती तरी क्रीडाशिक्षकांची परंपरा तेथपर्यंत पोहोचते.

मराठी माणसाला तर देह कमावण्याची गोष्ट परकी कधीच नव्हती. तालमीतील लाल माती, जोर-बैठका, मल्लखांब, मुद्गल हे आपल्या गावगाड्याचे अंग होते. महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शरीर घडविले. बडोद्यात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत सिद्ध झाले. गावच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेली पिढी अजून आपल्यात आहे. मग अडचण कोठे आली? अडचण अशी की, या साऱ्याला आपण पोरवयाचा किंवा पैलवानाचा विषय मानले. नोकरी लागली, लग्न झाले, की तालीम सुटली आणि पोटही सुटले. आणि त्या सुटलेल्या पोटाला आपण प्रपंच मार्गी लागल्याची खूण समजू लागलो.

आता विज्ञान काय सांगते ते पाहू. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि साठीनंतर ती झीज वेग घेते. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांतील घनता झपाट्याने घटते. भारतीय शरीरात पोटाभोवती चरबी साठण्याची प्रवृत्ती अधिक असल्याने वरकरणी सडपातळ दिसणाऱ्यालाही मधुमेह गाठतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेही प्रौढांची संख्या सुमारे 10 कोटी 10 लाख असल्याचे दाखविले. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, 2022 मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण अधिक होते.

हालचालीचे मोल किती, हे दाखविणारा एक जुना अभ्यास मननीय आहे. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश वैद्यकाने 1953 साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक व वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघेही एकाच गाडीवर, एकाच थरातले. पण चालक दिवसभर बसून राही, तर वाहक दिवसाकाठी पाचशेहून अधिक पायऱ्या चढे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत पुष्कळच कमी आढळले. वाहक काही व्यायाम म्हणून जिने चढत नव्हता. त्याचे कामच त्याला सांभाळीत होते. आपल्या आजी-आजोबांच्या जात्याने, रहाटाने आणि पायवाटेने त्यांना असेच सांभाळले. आता यंत्रांनी ते काम हिरावले, म्हणून वेगळा वेळ काढून देहाला हलवावे लागते. ती चैन नसून गेलेल्या श्रमाची भरपाई आहे.

आणि उशीर झाला, हे म्हणणेही टिकत नाही. 1990 साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातील दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम देण्यात आला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. नव्वदीत जे शक्य आहे, ते पन्नाशीत अशक्य कसे म्हणावे?

पाणी आणि लोखंड या दोन गुरूंचे शिकविणे वेगवेगळे आहे. गळ्याइतक्या पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा जेमतेम एक दशांश भार येतो. म्हणूनच दुखऱ्या गुडघ्यांच्या, स्थूल देहाच्या माणसाला पाणी झेलून धरते. पोहण्यात हात, पाय, पाठ, श्वास सारे एकत्र राबतात. नवशिक्याची पहिली अडचण ताकदीची नसतेच. ती भीतीची असते. तो मान वर ताणतो, श्वास कोंडून धरतो, आणि त्यामुळेच बुडू लागतो. पाण्यात तोंड घालून संथपणे उच्छ्वास सोडावयाचा आणि देह सैल ठेवावयाचा, एवढे साधले की पाणी तरंगवते. परंतु हाडांना बळकटी येण्यासाठी भार लागतो, आणि पाणी नेमका भारच काढून घेते. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी वजने उचलणे, किंवा ते न जमल्यास बैठका व भिंतीला टेकून जोर काढणे, इष्ट ठरते. पाणी कृपेसारखे आहे, लोखंड नियमशास्त्रासारखे. देहाला दोहोंची गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा त्रास असलेल्याने मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून आरंभ करू नये.

यातही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्नायू वजन उचलतेवेळी वाढत नाही; तो नंतरच्या विश्रांतीत व झोपेत सावरतो आणि बळावतो. ज्याला विसावा ठाऊक नाही त्याचा व्यायाम त्याला मोडून टाकतो. शब्बाथाची आज्ञा केवळ आत्म्यासाठी नव्हती; ती दासासाठी, बैलासाठी आणि गाढवासाठीही होती.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू, कारण नैतिकदृष्ट्या तोच सर्वांत वजनदार आहे. स्वतःसाठी काढलेला वेळ हा दुसऱ्याचा चोरलेला वेळ आहे काय? याचे उत्तर त्या बळाचा उपयोग कशासाठी होणार, यावर अवलंबून आहे. मध्यमवयीन माणूस दोन पिढ्यांच्या मध्ये उभा असतो. एका बाजूला मुलांची शिक्षणे, दुसऱ्या बाजूला थकलेले आईवडील. अंथरुणाला खिळलेल्या आईला कुशीवर वळविणे, तिला उचलून खुर्चीत बसविणे, पडलेल्या वडिलांना जमिनीवरून उठविणे, ही कामे ज्यांनी केली आहेत त्यांना ठाऊक आहे की केवळ प्रेमाने ती होत नाहीत. त्यांना पाठीत आणि मांड्यांत बळ लागते. व्यायामशाळेत वाकून वजन उचलणाऱ्याने जी हालचाल घोटून घेतली, तीच हालचाल रात्री दोन वाजता आईच्या खाटेजवळ उपयोगी पडते. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसविले, असे आपण वाचतो. त्याला उचलावे कोणी आणि कसे लागले असेल, याचा विचार आपण करीत नाही. दया दाखविण्यासाठी हात लागतात, आणि हातांत जोर लागतो. शिवाय आपण आज जी हेळसांड करतो तिचे बिल पुढे आपली मुले भरतात. जो वेळ कुटुंबापासून वाचविला असे वाटते, तोच पुढे कुटुंबाच्या कामी येतो. हेच कारभारीपण. देह आपल्या मालकीचा नाही, तो आपल्या हवाली केलेला आहे. आणि कारभाऱ्याला ठेव पुरून ठेवण्याची मुभा नसते, तशी ती उधळण्याचीही नसते.

परंतु याच ठिकाणी पहिला आक्षेप पुन्हा डोके वर काढतो, आणि त्याला जागा दिली पाहिजे. कारभारी स्वतःला धनी समजू लागला की सेवेची पूजा होते. जो माणूस भिंतीवरच्या आरशापुढून हलत नाही, ज्याच्या दिवसाचा आनंद वजनकाट्याच्या आकड्यावर ठरतो, ज्याला मरणाचे भय व्यायामाच्या घामात बुडवावयाचे आहे, त्याने उपासनेचे एक नवे दैवत शोधले आहे. त्याहून अधिक वाईट गोष्ट म्हणजे धडधाकट माणसाच्या मनात डोकावणारा तुच्छभाव. स्थूल शेजाऱ्याकडे पाहून, हा आळशी आहे, असे मनात म्हणणे. आजारी माणसाला, तुम्ही काळजी घेतली नाहीत, असे सुनावणे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असा प्रश्न विचारला होता. प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला. आरोग्य हे पुण्याचे प्रशस्तिपत्र नव्हे आणि आजार हा गुन्ह्याचा दाखला नव्हे. रोज पोहणाऱ्यालाही कर्करोग होतो, आणि कधी न चालणारा नव्वदी गाठतो. व्यायामाने शक्यता बदलतात. मृत्यूशी करार होत नाही. हे विसरणारा उद्या खाटेवर पडला, तर त्याचा देहच नव्हे, त्याचा विश्वासही कोसळेल.

आणखी एक प्रश्न आपल्या मंडळ्यांनी टाळता कामा नये. पाण्यात उतरण्याची संधी कोणाला आहे? बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाचे गाऱ्हाणे असे की, आपल्याला पाण्यात सोडण्यास कोणी नाही, आणि आपण जाईपर्यंत दुसराच आधी उतरतो. आपल्या देशात तर पाणी हाच शतकानुशतके भेदाचा विषय होता. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आणि त्यांच्या हजारो सोबत्यांना सत्याग्रह करावा लागला. ज्यांच्या पूर्वजांना गावच्या विहिरीची पायरी वर्ज्य होती, त्यांना पोहणे कोण शिकविणार होते? ही आठवण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आहे. आज भिंत जातीची नसेल तेथे ती पैशाची, वेळेची आणि लाजेची असते. पंचेचाळिशीच्या गृहिणीने पोहायला जावयाचे म्हटले, तर सकाळचे डबे कोणी करावयाचे, आणि लोक काय म्हणतील, हे दोन प्रश्न तिच्या आधी दारात उभे राहतात. ज्या घरात वडिलांचे फिरणे हे आरोग्य आणि आईचे फिरणे हे भटकणे समजले जाते, तेथे अन्याय आहे. त्याला वळण किंवा मर्यादा अशी गोड नावे देऊ नयेत. उलट दिवसभर विटा वाहणाऱ्या बाईला व्यायामाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. तिच्या देहाला विसावा, पुरेसे अन्न आणि रास्त मजुरी हवी. देहाचे कारभारीपण एकाला श्रम करावयास सांगते, तर दुसऱ्याच्या श्रमाचा भार हलका करावयास सांगते.

आरोग्य ही सर्वांनी मिळून सांभाळावयाची गोष्ट आहे, हे आपल्याच एका दांपत्याने दाखवून दिले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले आणि खेड्यातील अल्पशिक्षित, बहुधा उपेक्षित स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. आरोग्याचे ज्ञान दवाखान्याच्या भिंतीआड न ठेवता माणसांच्या हाती सोपविता येते, हा त्यांच्या कार्याचा धडा शहरातील मंडळ्यांनाही लागू आहे. उपासनामंदिराचे आवार आठवड्यातील सहा दिवस बहुधा रिकामे असते. सकाळी तेथे चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रीपुरुषांनी तासभर एकत्र चालावे, हातपाय हलवावेत, ज्याला चालता येत नाही त्याला हात द्यावा, एवढ्याला पैसा लागत नाही. महिला मंडळाने चार बहिणींना मिळून तलावावर नेले, तर एकटीला वाटणारी लाज चौघींत उरत नाही. प्रीतिभोजनाच्या ताटात तेलातुपाबरोबर थोडी भाजीही वाढली, तर प्रीती कमी होणार नाही.

वाचकहो, जीवनाच्या मध्यान्हीला पोहोचलेल्या माणसाला हा देह कायमचा नाही हे कळू लागलेले असते, आणि म्हणूनच तो नीट वापरावयाचा शहाणपणा याच वयात येऊ शकतो. तरुणाला बळ असते, पण ते उसने आहे हे ठाऊक नसते. वृद्धाला ते कळते, पण तोवर बळ ओसरलेले असते. मधल्या वयात थोडे बळ आणि थोडी समज दोन्ही हाती असतात. आपण तासभर पोहलो, चार वजने उचलली, आणि त्या बळाने घरी येऊन कुणाचे ओझे हलके केले नाही, तर ती हौसच होती. पण त्या हातांनी एखाद्या थकलेल्याला उठविले, तर त्या तासाचा हिशेब देताना खाली पाहावे लागणार नाही.